ज्ञान आपले, पुरावाही आपला हवा

(त्र्यंबकेश्वर येथे कार्यकर्ते, शिक्षक आणि विज्ञान-अभियांत्रिकी शाखांचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूला येथील तीर्थपुरोहित प्रथम गाव आणि आडनाव विचारतात. मग नामावळीची जुनी चोपडी निघते आणि त्या घराण्यातील कोण कधी येथे येऊन गेले, त्यांच्या वडिलांचे व आजोबांचे नाव काय, हे त्या पानावर सापडते. पुष्कळदा पूर्वजाच्या हातची सहीदेखील असते. या नोंदीला वजन आहे, कारण ती त्या त्या वेळी लिहिली गेली. पुढे कोणाचा वाद उभा राहील आणि त्यात हे पान उपयोगी पडेल, असा विचार लिहिणाऱ्याच्या मनात नव्हता. वंशावळीच्या बाबतीत जी दक्षता आपल्या समाजाने शतकानुशतके घेतली, ती शेती, औषधी आणि कारागिरीच्या ज्ञानाबाबत मात्र फारशी घेतली नाही. या उणिवेची जाणीव देशाला गेल्या शतकाच्या अखेरीस झाली, आणि ती करून देणाऱ्या प्रसंगांपैकी एक म्हणजे जर्मनीतील म्युनिक शहरात चाललेला कडुनिंबाचा खटला.

कडुनिंबाचा खटला : काय घडले?

या खटल्याविषयी भाषणांतून पुष्कळ सांगितले जाते. परंतु त्यात अतिशयोक्तीही फार असते. 'परदेशी कंपनीने कडुनिंबाच्या झाडाचे पेटंट घेतले होते' हे विधान बरोबर नाही. झाडाचे पेटंट कोणी घेतलेले नव्हते. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांनी १९९० साली युरोपीय पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला होता. कडुनिंबाच्या बियांतून विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याची पद्धत, हा त्या अर्जाचा विषय होता. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना भुरी आणि केवडा हे रोग काय असतात ते सांगावे लागत नाही. बुरशीच्या बंदोबस्ताची एखादी पद्धत कोणा एकाच्या मालकीची होणे म्हणजे काय, हेही त्यांना चटकन उमगेल.

युरोपीय कायद्यानुसार पेटंट मंजूर झाल्याची घोषणा झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत कोणतीही व्यक्ती त्याविरुद्ध हरकत दाखल करू शकते. ती व्यक्ती युरोपची नागरिक असावी, तिचा धंद्याशी संबंध असावा किंवा तिचे नुकसान झालेले असावे, अशी कोणतीही अट नाही. ही मुदत संपत आली असताना, जून १९९५ मध्ये, तीन पक्षांनी एकत्रितपणे हरकत नोंदवली. त्यांत बेल्जियमच्या राजकारणी माग्दा आल्वूत, भारतातील वंदना शिवा यांची संशोधन संस्था आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांचा समावेश होता. त्यांची बाजू स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक फ्रिट्झ डोल्डर यांनी मांडली.

९ आणि १० मे २०००, अशी दोन दिवस म्युनिकमध्ये तोंडी सुनावणी झाली. तेथे साक्षीसाठी पुण्याचे अभय फडके उपस्थित होते. १९८५ आणि १९८६ या वर्षांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, हे त्यांनी सांगितले. अर्थातच हे सारे अर्जाच्या कितीतरी आधीचे होते. अधिकाऱ्यांनी त्यांना खोदून खोदून प्रश्न विचारले आणि ती साक्ष ग्राह्य धरली. दुसऱ्याच दिवशी पेटंट रद्द झाल्याचा निर्णय जाहीर झाला. पेटंटधारकांनी अपील केले. ८ मार्च २००५ रोजी अपील मंडळाने ते फेटाळले आणि प्रकरण कायमचे मिटले.

हरकतीपासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. हजारो वर्षांपासून दारोदारी असलेल्या झाडाविषयीची ही लढाई होती. तरीही तिच्या निर्णायक टप्प्यावर हजारो वर्षांच्या परंपरेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आले ते पुणे-सांगलीच्या शेतांतील दोन हंगामांच्या नेमक्या तपशिलाला. हा बोध कडू वाटेल. परंतु कडुनिंबाप्रमाणेच तो गुणकारी आहे.

एकच ज्ञान, दोन कायदे

याच काळात हळदीचा वाद अमेरिकेत गाजला. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळाले होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने १९९६ साली फेरतपासणीची मागणी केली आणि बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक शोधनिबंधही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

येथे एक प्रश्न पडायला हवा. हळद जखमेवर लावतात हे सांगायला एखादी आजीबाई अमेरिकेत नेली असती तर काम झाले नसते काय? नसते झाले. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील केवळ वापर किंवा तोंडी ज्ञान हे पूर्वज्ञान मानले जात नसे. परदेशातील गोष्ट असेल तर ती छापलेली किंवा तेथे पेटंट झालेली असावी लागे. हा भेद १६ मार्च २०१३ पासून नव्या अर्जांपुरता दूर झाला. युरोपचा कायदा मात्र आरंभापासून वेगळा आहे. अर्जाच्या दिनांकापूर्वी जगात कोठेही, लेखी, तोंडी, वापराने अथवा अन्य कोणत्याही प्रकारे जनतेला उपलब्ध झालेली प्रत्येक गोष्ट तेथे पूर्वज्ञान ठरते. म्हणूनच सांगलीच्या शेतातील वापर म्युनिकमध्ये चालला. वॉशिंग्टनमध्ये त्या काळी तोच वापर पुरेसा ठरला नसता.

घरातील ज्ञान एकच, पण कोणत्या दारी कोणता पुरावा न्यायचा हे तेथील कायदा शिकलेल्यालाच कळते. परदेशी पेटंट कायद्याच्या प्रशिक्षणाचे महत्त्व नेमके येथे आहे.

म्युनिकचे कार्यालय आणि त्याची रीत

५ ऑक्टोबर १९७३ रोजी म्युनिक येथे युरोपीय पेटंट करारावर सह्या झाल्या आणि १९७७ साली कार्यालय सुरू झाले. हे युरोपीय संघाचे खाते आहे, असा अनेकांचा समज असतो; तो चुकीचा आहे. स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि संघातून बाहेर पडलेला ब्रिटन हेही या करारात आहेत. २०२२ साली माँटेनिग्रो सामील झाल्यावर सदस्य देशांची संख्या ३९ झाली. कामकाजाच्या भाषा तीन : इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. १ जून २०२३ पासून सहभागी देशांसाठी एकसंध परिणामाचे पेटंट आणि त्यासाठीचे एकत्रित न्यायालयही अस्तित्वात आले आहे.

या कार्यालयासमोर व्यवसाय म्हणून उभे राहण्यासाठी 'युरोपीय पात्रता परीक्षा' उत्तीर्ण व्हावी लागते. विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर नोंदणीकृत प्रतिनिधीच्या हाताखाली काही वर्षांची उमेदवारी आणि मग ही अत्यंत कठीण परीक्षा, असा तो मार्ग आहे. सर्वसाधारणपणे सदस्य देशाचे नागरिकत्वही लागते. ज्यांचा निवास वा व्यवसाय सदस्य देशांत नाही अशा अर्जदारांना असा प्रतिनिधी नेमणे बंधनकारक आहे.

मग भारतातील पेटंट एजंटाने हा कायदा शिकून काय साधणार, अशी शंका कोणी घेईल. उत्तर त्याच कायद्यात दडलेले आहे. अर्ज दाखल करताना त्यात जे लिहिलेले नसेल, ते नंतर भरता येत नाही. या नियमाच्या बाबतीत म्युनिकचे कार्यालय अतिशय कडक आहे. अंबड वा सातपूरच्या कारखान्यातील एखाद्या अभियंत्याचा शोध बहुधा प्रथम भारतात दाखल होतो. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत त्याच दिनांकाचा अग्रहक्क सांगून आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो आणि मूळ दिनांकापासून एकतीस महिन्यांच्या आत युरोपच्या टप्प्यात प्रवेश करता येतो. परंतु पहिल्या दिवशीच्या अर्जात एखादे प्रमाण, एखादा पर्यायी सांधा किंवा तापमानाची मर्यादा लिहायची राहिली असेल, तर अडीच वर्षांनंतर म्युनिकचा कितीही निष्णात वकील ती भरून काढू शकत नाही. युरोपातील अर्जाचे भवितव्य अशा रीतीने नाशिक, पुणे वा नागपूर येथे, पहिला मसुदा लिहिला जातो त्याच दिवशी पुष्कळसे ठरून गेलेले असते.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते?

युरोपातील पेटंट व्यवसायाच्या संस्था आणि विद्यापीठे इतर देशांतील व्यावसायिकांसाठी अभ्यासक्रम चालवतात. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठाचे १९६३ साली स्थापन झालेले बौद्धिक संपदा केंद्र या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाचीही स्वतःची प्रशिक्षण अकादमी आहे. अशा शिक्षणाचा गाभा काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे.

पहिला धडा नावीन्याचा. भारतीय कायद्यात सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, तर बारा महिन्यांची सवलत मिळते. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणाला एक वर्षाची मुभा असते. युरोपात मात्र जवळपास कोणतीच सूट नाही. समजा, एखाद्या तरुणाने कांदा प्रतवारीचे सुधारित यंत्र कृषी प्रदर्शनात चालवून दाखवले, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्रासह वर्णन आले आणि त्याने महिन्याभराने अर्ज केला. युरोपपुरता त्याचा शोध त्याने स्वतःच जुना करून टाकला. सत्काराची घाई हक्काच्या मुळावर येते ती अशी.

दुसरा धडा कल्पकतेच्या कसोटीचा. ही कसोटी तेथे ठरीव पायऱ्यांनी लावली जाते. प्रथम शोधाच्या सर्वांत जवळचे पूर्वज्ञान निश्चित करतात. मग त्याहून या शोधात वेगळे काय आणि त्या वेगळेपणाने कोणती तांत्रिक अडचण सुटली, हे ठरवतात. शेवटी त्या विषयातील सामान्य जाणकाराला तो उपाय सहज सुचला असता काय, हे पाहतात. भावनेला किंवा वक्तृत्वाला येथे वाव नाही. भारतीय मसुद्यांत शोधाची स्तुती पुष्कळ आणि मोजमाप थोडे असले, तर या कसोटीवर तो मसुदा लंगडा पडतो.

तिसरा धडा वगळलेल्या विषयांचा. रोग्यावर उपचार करण्याची पद्धत युरोपात पेटंटयोग्य नाही. अमुक उपचारात वापरण्यासाठीचा पदार्थ, अशा रूपात मात्र दावा करता येतो. आयुर्वेदीय औषधांवर संशोधन करणाऱ्यांनी हा भेद जाणला नाही, तर परिश्रम फुकट जातात.

चौथा धडा पुराव्याचा. पूर्वीच्या वापराचा आधार घेणाऱ्याला तेथे विचारले जाते : नेमके काय वापरले? केव्हा? कोठे? कोणत्या परिस्थितीत? आणि ते लोकांना उपलब्ध होते काय, की गुप्त ठेवलेले होते? 'आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य या पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्राचीन ग्रंथात सर्व काही आहे, असे म्हणणे सोपे असते. कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात, कोणत्या द्रव्याचे किती प्रमाण आणि कोणत्या व्याधीसाठी, हे दाखवणे कष्टाचे असते. पूर्वजांचा खरा सन्मान या कष्टात आहे.

देशाने काय केले, काय उरले?

हळद आणि कडुनिंबाच्या अनुभवातून शहाणपण घेऊन भारताने पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत, पेटंट तपासनिसाला समजेल अशा मांडणीत आणली गेली. चार लाखांहून अधिक योग त्यात नोंदले गेले आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी करार होऊन तेथील तपासनिसांना हे ग्रंथालय खुले झाले. दहा वर्षांचा खटला लढण्याऐवजी चुकीचे पेटंट मंजूर होण्याआधीच अडवण्याची ही सोय आहे.

देशांतर्गत कायद्यानेही पावले टाकली. पारंपरिक ज्ञानावर पेटंट नाही, हे पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्यात आला; वनस्पती वा अन्य जनुकीय संसाधनावर आधारित शोधाच्या अर्जदाराने ते संसाधन कोठून आले हे उघड करावे, असे त्यात म्हटले आहे. त्यामागे भारतासह अनेक देशांचा दीर्घ पाठपुरावा होता.

तरीही एक मोठी पोकळी उरते. अंकीय ग्रंथालय प्रामुख्याने ग्रंथांवर उभे आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातील कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर समाजांतील वैदूंचे ज्ञान कोणत्याही संस्कृत ग्रंथात नाही. ते त्यांच्या स्मरणात आहे आणि पुढच्या पिढीला ते शिकण्याची ओढ कमी होत चालली आहे. ते नोंदवायला हवे. पण ते नोंदवतानाही विवेक हवा. जे छापले ते जगाला खुले झाले. त्यावर दुसऱ्या कोणाला हक्क सांगता येणार नाही हे खरे. पण त्या वैदूच्या हातूनही ते निसटले. म्हणून त्याची संमती, त्याचे नाव आणि लाभातील त्याचा वाटा यांचा विचार नोंदीच्या आधी व्हावा. वनवासी बांधवाकडून माहिती घ्यायची आणि त्यालाच विसरायचे, हा अन्याय परदेशी कंपनीने केला काय किंवा आपल्यांनी केला काय, अन्यायच ठरतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

हा विषय तज्ज्ञांचा आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. प्रत्येकाच्या आवाक्यातील काही कामे आहेत.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांपुढे हा व्यवसाय जाणीवपूर्वक ठेवला जावा. भारतीय पेटंट एजंटाची परीक्षा देण्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. विज्ञान वा तंत्रज्ञानाची पदवी पुरते. या क्षेत्राच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था महाराष्ट्रातच, नागपूर येथे आहे. त्या पायावर युरोपीय कायद्याचा अभ्यास चढवता येतो. म्युनिकच्या कार्यालयाची तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे आणि अपील मंडळाचे निर्णय कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पंधरा कोटींहून अधिक पेटंट दस्तऐवजांचा त्यांचा शोधसंग्रहही खुला आहे. मध्यमवर्गीय घरातील मुलाला वा मुलीला यासाठी लाखोंचे शुल्क भरून परदेशी जाण्याची सुरुवातीला गरज नाही. मन लावून वर्षभर निर्णय वाचले, तर पाया पक्का होतो. जर्मन वा फ्रेंच भाषा येत असेल, तर अधिकच उत्तम.

महाविद्यालये, प्रयोगशाळा, लघुउद्योग आणि प्रयोगशील शेतकरी यांनी नोंदवही ठेवण्याची शिस्त अंगी बाणवावी. पाने क्रमांकित असावीत, प्रत्येक नोंदीवर दिनांक व सही असावी, साक्षीदाराची सही असावी. औषध फवारले तर कोणत्या गटात, किती प्रमाणात, कोणासमोर आणि परिणाम काय, हे त्याच दिवशी लिहावे. पावत्या आणि छायाचित्रे जपावीत. हा वेळखाऊपणा वाटेल. पण पंधरा वर्षांनंतर परक्या देशात परक्या अधिकाऱ्यासमोर स्मरणशक्ती थकते तेव्हा हीच वही बोलते.

तिसरे काम जागरूकतेचे. युरोपीय अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर कोणतीही व्यक्ती, कोणतेही शुल्क न भरता, त्या अर्जातील गोष्ट पूर्वीपासून ज्ञात असल्याचे लेखी निवेदन पुराव्यासह पाठवू शकते. इंग्रजीत लिहिलेले चालते. एखाद्या गावच्या शिक्षकाला, आयुर्वेद महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला किंवा निवृत्त रसायनतज्ज्ञाला हे घरबसल्या करता येण्यासारखे आहे. कडुनिंबाच्या वेळी नऊ महिन्यांच्या मुदतीच्या अखेरीस हरकत पोहोचली म्हणून निभावले. प्रत्येक वेळी शेवटच्या दिवसांवर विसंबून चालणार नाही.

आणखी एक भान ठेवावे. युरोपातील प्रत्येक पेटंट म्हणजे चोरी, ही समजूत अज्ञानातून येते. ज्या कार्यालयाने ते पेटंट दिले, त्याच कार्यालयाने पुरावा पाहून ते रद्दही केले. पुण्याहून गेलेल्या साक्षीदाराचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि मानले. त्या दिवशी भारताची बाजू उभी राहिली ती एका स्विस कायदेपंडिताच्या मदतीने, आणि त्या सहकार्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु पुढच्या पंचवीस वर्षांत पुरावा गोळा करणारा, त्याची छाननी करणारा, मसुदा लिहिणारा आणि म्युनिकच्या प्रतिनिधीला नेमक्या सूचना देणारा माणूस येथे घडलेला असावा. त्यासाठी या सभेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी चार-पाच जणांनी जरी हा अभ्यास आयुष्याचे काम म्हणून पत्करला, तरी मोठे कार्य उभे राहील. उरलेल्यांनी आपापल्या शेतात, दुकानात आणि प्रयोगशाळेत आजच्या दिनांकाने पहिली नोंद करावी.